करड्या माशीची गाठ

एके काळी, गावातून वाहणाऱ्या ओढ्याकाठी, तात्यांच्या डबीत दोन खोट्या माश्या राहत. मासे पकडायला गळावर पिसं बांधून केलेल्या. करडी माशी तात्यांच्या बायकोने, सरूकाकूंनी, घरच्या कोंबडीच्या पिसांची बांधली होती. काकू आता नव्हत्या.

"आजीबाई, पिसं झडली की तुमची," दुकानातून आलेली सोनेरी माशी म्हणाली. "पावसाळाभर गढूळ पाण्यातून मासे मीच आणले. तुम्हाला आता टाकूनच देतील."

ती भीती करडीलाही होतीच.

हिवाळ्यात ओढा निवळला. तात्यांनी सोनेरी माशी पाण्यात टाकली, तर तिची चकाकी पाहून मासे दगडांखाली पळाले. तीनदा तसंच झालं. मग त्यांनी करडीला दोरीला बांधलं. पाण्यावर करडी चिलटं उडत होती. माशांना तीही त्यांच्यातलीच वाटली. हातभर लांब माशाने तिला गिळलं, झटके दिले, दगडांवर घासलं. मासा काठावर आला.

डबीत परतली तेव्हा तिच्यावर एकच पीस होतं.

"आजी, आता काय उरलं तुमचं?" सोनेरीने हळूच विचारलं.

"गाठ," करडी म्हणाली. "सरूकाकूंनी मारलेली."

तात्यांनी अंगणातलं कोंबडीचं एक पीस उचललं आणि ती गाठ न सोडता तिच्यात खोवलं.