पिळजाईची डावी फेरी

केवणवाडीच्या पठारावर जमीन एकाएकी संपते आणि पुढं नुसते ढग दिसतात. त्या टोकावर कमरेएवढा एक काळा दगड उभा आहे. त्याच्या मध्यावर बोटभर खोल खाच गोल फिरलेली आहे. हीच आमची पिळजाई. हिला डोळे नाहीत, हात नाहीत, आणि शेंदूरही आम्ही खाचेपुरताच लावतो. देवाला प्रदक्षिणा उजवीच घालतात हे तुम्हांला ठाऊक आहे, आम्हांलाही आहे. इथं मात्र दोन फेऱ्या असतात. पहिली उजवी, ती ज्याची त्यानं एकट्यानं घालायची. दुसरी डावी, आणि ती दोघांनी एकमेकांचा हात धरून घालायची.

पहिल्यांदा येणारे बिचकतात. मागं एक आजीबाई तर 'हे कसलं अभद्र' म्हणून नारळ पिशवीत घालून परत गेल्या. त्यांचं काही चुकलं नाही. डावं फिरायचं ते मेलेल्यांसाठी, हे आमच्याही घरात शिकवतात. तरी आम्ही फिरतो, त्याला कारण आहे. मी इथला गुरव, नाव धाकू. माझ्या आजीनं सांगितलं तसं सांगतो. तुमच्या पाठीवर ही रंगीत दोरांची भेंडोळी दिसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. दोरावर जीव टाकणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी.

त्या काळी वर यायला गाडीरस्ता नव्हता. वळसा घालून यायचं तर तीन दिवसांची वाट, आणि पावसाचे चार महिने नदी तीही बंद करी. जवळची वाट एकच, या दगडाखालची नाळ. नाळ म्हणजे कड्याला पडलेली उभी चीर. तिच्यातला बारा पुरुष उंचीचा कातळ दोरावाचून चढवत नाही. तो दोर या दगडाला बांधलेला असे. ऊन, दव, वारा, पाऊस खात बारा महिने बाहेर लटकायचा. घरातला दोर वेगळा आणि बाहेरचा वेगळा. बाज विणायला काहीही चालतं, बाहेरच्या दोराला मात्र पोटात सत्त्व लागतं.

दोर वळायचं काम गोजराचं. तिच्या हाताला आसपासच्या वाड्यांत तोड नव्हती म्हणे. अंबाडी पाण्यात कुजवायची, तिचा वाख, म्हणजे सालीचा तंतू, सोलायचा, मांडीवर पेड वळायचे आणि दोन पेड मिळून दोर करायचा. पेडाला पीळ उजवा, आणि दोराला द्यायचा तोही उजवाच. जे शुभ ते उजवं, असं गावानं ठरवून टाकलेलं. डाव्या पिळाची दोरी फक्त तिरडीला. दोन्ही पीळ उजवे असलेला दोर सुटायला बघतो, म्हणून वितीवितीवर गाठी मारत आणि देवावर भार टाकत. आमची माणसं श्रद्धाळू खरी, पण जरा जास्तच.

एका भादव्यात गोजराचा नवरा हैबती त्या दोरावरून खाली उतरत होता. ओल्या दोराची एक गाठ सुटली, मग तिच्याखालची. दोर तुटला नाही, असं सांगतात. तो उलगडला. हैबती तळाशी सापडला तेव्हा त्याच्या दोन्ही मुठींत पिंजलेला वाख होता.

गोजराची सासू धुरपाई. तिनं त्या दिवसापासून सुनेशी बोलणं टाकलं. दोघी एकाच चुलीवरचं खात, एकाच माजघरात निजत, पण शब्द नाही. दोर सुनेच्या हातचा होता ना! गोजरानंही कधी तोंड उघडलं नाही, कारण तिलाही तसंच वाटत होतं.

ती बोलली नाही, पण हात स्वस्थ बसू देईनात. तिनं सात तऱ्हांच्या दोऱ्या वळल्या आणि या दगडावर उघड्यावर टांगल्या. अंबाडी, ताग, काथ्या, पळसाची मुळी, आपट्याची साल, असं घरीदारी, रानात जे जे सापडलं ते. दर पुनवेला येऊन एकेक दोरी ओढून बघायची. अंबाडी काळी पडली. ताग उन्हानं ठिसूळ झाला. काहींना वाळवी लागली, काही वाऱ्यानंच नेल्या. वर्ष सरलं तेव्हा एकच दोरी हाताला घट्ट लागली, ती केवणीच्या सालीची. केवण म्हणजे आपली मुरूडशेंग. बाळगुटीत उगाळतात ती पिळलेली शेंग याच झुडपाची. ते इथं पायलीला पन्नास उगवलेलं, आणि कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हतं.

गोजरानं केवणीचा दोर वळला, दोन्ही पीळ उजवे. त्याला धोंडा बांधून नाळेत सोडला. दोर धोंड्यासकट गरगर फिरला, सैल झाला आणि धोंडा सुटून गेला. तो खाली आदळल्याचा आवाज येईपर्यंत ती ऐकत बसली. त्यानंतर वर्षभर नाळेत दोर लागलाच नाही.

पुढच्या पावसाळ्यात, आषाढ अर्धा गेलेला असताना, नाळेच्या तळातून तिच्या जावयानं हाक घातली. गोजराची लेक भागू खालच्या वाडीत दिलेली होती. तिला दिवस भरत आलेले, पहिलटकरीण, आणि तिची सासू आठवड्यापूर्वी तापानं गेलेली. घरात दुसरं बाईमाणूस नाही. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती.

"आत्याबाई, भागूला वर घ्या!" एवढंच ढगातून वर आलं.

गोजरा तशीच या दगडापाशी येऊन बसली. केवणीचा वाख मांडीवर होता, तो ती पिळत राहिली. पिळत पिळत इतका आवळला की बोटं दुखली. भर दुपार होती, पण पठारावर ढग उतरले की दुपार आणि पहाट एकच होते. तिचा डोळा लागला. स्वप्नात तिला हैबती दिसला म्हणे. ओला नव्हता, लागलेलं नव्हतं. दगडाला हात लावून तो फिरत होता, हळूहळू, डावीकडून. ती त्याला म्हणाली, असं फिरू नये. तो हसला आणि फिरत राहिला, आणि त्याच्या पावलांखालचं गवत एका अंगावर निजत गेलं.

जागी झाली तेव्हा हातातला पेड सैल पडला होता, आणि आपल्याआपण स्वतःभोवती दुमडून वेटाळला होता. डावीकडून. तिनं ओढून बघितला. सुटेना. पुन्हा ओढला, दातांत धरून ओढला. जितका ओढावा तितका आवळत गेला. उजवा पीळ सुटायला बघत होता आणि डावा त्याला सुटू देत नव्हता. गोजरा एकटीच रडली, असं माझी आजी सांगायची. हे दोन वर्षं आधी कळलं असतं तर!

दोर मोठा करायचा तर एकटीला जमेना. लांब पेड दगडाला मध्यावर अडकवायचा, दोन टोकं दोघांनी धरून दोघांनी उजवा पीळ भरायचा, आणि मग दोघांनी एकमेकांभोवती डावं फिरायचं. एक टोक झुडपाला बांधलं की दुसरं हातातून निसटे. ती घरोघर गेली. पाटील म्हणाला, तिरडीचा दोर नाळेला लावून गावावर मरण आणू नकोस.

"उजव्या पिळानं माझं कुंकू नेलं," गोजरा म्हणाली. "डावा पीळ आनिक काय नेनार हाय?"

तरी कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटीच दगडाशी आली आणि पेड अडकवून एक टोक हातात घेऊन उभी राहिली. दुसरं टोक गवतात पडलेलं. ढग इतका दाट की ते टोकही दिसत नव्हतं. मग तिच्या हाताला ओढ लागली. पलीकडून कुणी तरी टोक उचललं होतं.

"पीळ भर," ढगातून धुरपाई म्हणाली. दोन वर्षांत सुनेशी काढलेला तो तिचा पहिला शब्द.

दोघींनी पीळ भरला, एकमेकींकडे पाठ करून. तोवर बरं होतं. पण पुढं एकमेकींभोवती फिरायची वेळ आली, आणि तसं फिरताना तोंड फिरवता येत नाही. फेरीमागून फेरी, सासू सुनेकडे आणि सून सासूकडे बघत राहिली. किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. मग म्हातारी बोलायला लागली.

"त्या दिशी हैबती न्हाई म्हनत हुता. पाऊस हाय, उद्या जातो म्हनला. भागूचा पयल्या गौरीचा आहेर, आजच पोचला पायजे, म्हनून मी धाडला त्याला. दोर तुजा हुता, पर धाडनारी मी. तुज्यावर रुसून बसलं, की माजं मला दिसायचं न्हाई."

ओल्या गवतावर म्हातारीचा पाय घसरत होता, म्हणून पुढच्या फेरीला गोजरानं तिचा हात धरला. तो दिवेलागणीपर्यंत सोडला नाही.

दोर झाला. त्याला एक गाठ नव्हती. सकाळी गोजरा स्वतः त्याला लटकली. आपण वळलेला दोर, आधी आपलं वजन. कड्यावरून तिनं पाय सोडले आणि ती ढगात दिसेनाशी झाली, तेव्हा धुरपाईनं डोळे मिटून दोर मुठीत धरला होता. दोर ताणला, कुरकुरला, आणि आवळला. पुष्कळ वेळानं खालून तीन हिसके आले. भागूला झोळीत घालून बांधली होती. अवघडलेली पोर, एकट्या म्हातारीला कशी ओढवणार? ती मागं वळली, तर सगळा गाव उभा. पाटील सर्वांत पुढं. डाव्या पिळाचा दोर त्यांनी हातात घेतला आणि ओढायला लागले.

भागू वर आली. झोळीतून पाय बाहेर टाकून ती आजीच्या गळ्यात पडली. बायका तिला घेऊन घराकडे निघाल्या, पण धुरपाई जागची हलेना. दोर पुन्हा खाली गेला होता, आणि तो तिनं दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. कड्याशी ओणवं होऊन तिनं ढगात हाक घातली.

"गोजरा! ये गं वर. घरी चल."

आणि खालून, खूप खोलून आवाज आला, "आले, आत्याबाई."

तेवढं ऐकून पाटलानंही डोळ्याला पंचा लावला, असं सांगतात. भागूला चौथ्या दिवशी मुलगी झाली. नाळेतला तो दोर पुढं किती वर्षं टिकला, याचा ज्याचा त्याचा आकडा वेगळा आहे. माझी आजी सोळा म्हणायची. दगडाची खाच त्याच दोराची. पिळजाई हे नाव मागाहून पडलं, आणि देवी झाली तीही मागाहून.

आता रस्ता झाला, एसटी येते, नाळेत दोर लागत नाही. पण जत्रेला आजही गाव इथं जमतो. उजवी फेरी एकट्याची, आणि डावीला हात धरायचा तो वाटेल त्याचा नाही. वर्षभरात ज्याच्याशी बोलणं तुटलं असेल, त्याचाच. चेष्टेखोर नवरा-बायको जत्रेच्या आधी मुद्दाम भांडण काढतात, ते सोडा. काही माणसं खरोखर कासावीस होऊन येतात. काही उजवी घालून गुपचूप घरी जातात. मीही गेली नऊ वर्षं तेच करतो. गुरव असून. माझा थोरला भाऊ पलीकडच्या आळीत राहतो. बांधावरून सुरू झालं, आणि मग कशावरून ते दोघांनाही सांगता येईना. तो आता ऐंशीचा आहे.

जत्रा उद्या आहे. आज सकाळी मीच त्याच्या दारात गेलो. आत नाही गेलो, दारातूनच म्हणालो, "दादा, उद्या येतोस का?" तो म्हणाला, "मला गवतावर चालवत नाही रे आता. तू धरशील का?"