थांगमोची राख

त्या बघा, थांगमोच्या बायका पाठीवर करंड्या घेऊन उतरताहेत. करंड्यांत राख आहे, चुलीतली साधी राख. हसू नका, पाहुणे! आमच्या या डोंगरात पाऊस नावालाच. हिवाळ्यात पडेल तेवढा बर्फ, आणि तो वितळेल तेवढंच वर्षाचं पाणी. बर्फावर राख पसरली की उन्हाने तो भराभर वितळतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

फार मागची गोष्ट. वरच्या थांगमोची छिमे आमच्या खालच्या शिलिंगला दिली होती. दोन्ही गावांचा करार होता म्हणे: थांगमोने आपल्या शेतातल्या बर्फावर खुशाल राख टाकावी, मात्र डोंगरावरच्या मोठ्या घळीला हात लावू नये. घळीतला बर्फ सावलीत सावकाश वितळे आणि शिलिंगच्या सातूला आषाढापर्यंत पाणी पुरे.

एका हिवाळ्यात असा बर्फ कोसळला की दारं उघडेनात, लोक धाब्यावरून ये-जा करू लागले. शिलिंगला आनंद झाला, तशी धास्तीही वाटली. एवढा बर्फ बघून वरच्यांची नियत फिरली तर? घळीवर पहारा ठेवू या, असं ठरत आलं. तेव्हा छिमे भर बैठकीत उभी राहिली.

"तोब्गे आचो तिथला मुखिया आहे, माझा सख्खा थोरला भाऊ. त्याने मला शब्द दिलाय. माझ्या माहेराला चोर ठरवू नका."

पहारा बसला नाही.

चैत्रात जमीन अजून गोठलेली, आणि ओढ्याला लोंढा आला. सगळं पाणी फुकट वाहून गेलं. ज्येष्ठात ओढा कोरडा. वीतभर वाढलेला सातू उभ्या उभ्या वाळला. छिमे एकटीच वर चढून गेली. घळीत बर्फाचा खडासुद्धा नव्हता, दगडांवर काळी राख तेवढी. आणि थांगमोचं तळं मात्र काठोकाठ भरलेलं.

"बर्फ इतका होता गं," तोब्गे खाली मान घालून म्हणाला, "वाटलं, आमचं तळं भरून घेतलं तरी तुम्हाला उरेल. धान्य देतो तुला."

"घाल चुलीत तुझं धान्य! निम्मं गाव पोटासाठी परमुलखात चाललंय, आचो, आणि जाताना माझ्याकडे बघतही नाही. मी तुझ्यासाठी सगळ्यांशी भांडले रे! आता तुझा शब्द नको मला. बर्फ पडला की तुझ्या गावातली चुलीचुलीची राख माझ्या दारात आणून ठेवायची. शेताला लागेल तेवढी येऊन मागायची."

असं सांगतात की ती पुन्हा माहेरी गेली नाही.

आजही मोठा बर्फ पडला की थांगमोच्या बायका राख घेऊन येतात. आमच्याकडे दारी वैरी आला तरी त्याला चहा दिल्यावाचून पाठवत नाहीत. या बायकांची राख मात्र आम्ही ओतून घेतो, रिकामी करंडी हातात देतो आणि दार लावतो.