बारा कुप्यांची साक्ष

एकदा एका वृद्ध जिवाणुशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थिनीसमोर बारा कुप्या ठेवल्या आणि एवढेच सांगितले, "यांची तपासणी कर. कुठून आल्या ते विचारू नकोस."

विद्यार्थिनीचे नाव हर्षदा. चार वर्षे ती एकाच कामात बुडालेली होती. आतड्यात राहणारा एक जिवाणू रक्तात शिरला की घातक ठरतो. त्याच्या बाह्य आवरणावर प्रथिने कापणारे एक विकर असते. शरीर बचावासाठी जी द्रव्ये सोडते, त्यांचे ते तुकडे करून टाकते. या विकराला ओळखून चिकटणारे प्रतिपिंड हर्षदाने सशांच्या रक्तातून मिळवले होते आणि ते कागदी पट्टीवर बसवले होते. नमुन्याचा थेंब पट्टीवर टाकायचा; विकर असेल तर तांबडी रेघ उमटते. ज्या निदानाला दोन दिवस लागत, ते वीस मिनिटांत होऊ लागले. गुरूंच्या शिफारशीने तालुक्याच्या एका रुग्णालयात या पट्ट्यांचा प्रायोगिक वापरही सुरू झाला होता.

संध्याकाळपर्यंत हर्षदाने बाराही पट्ट्या गुरूंपुढे मांडल्या. "सगळ्यांत रेघ आहे, सर. अगदी स्पष्ट."

"उद्या पुन्हा कर."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मात्र तिचा स्वर चढला. "सर, माझ्या हातावर विश्वास नाही का तुमचा?"

"हातावर आहे," गुरू म्हणाले. "बस जरा. या बाराही कुप्यांत एकच जिवाणू आहे, आपल्याच फ्रीजरमधला. त्या विकराचं जनुक ज्याच्यातून आपण काढून टाकलंय ना, तो. यांतल्या एकाही कुपीत ते विकर नाही."

हर्षदाने एक पट्टी उजेडात धरली. "मग ही रेघ कशाची?"

"दुसऱ्या कुठल्या तरी प्रथिनाची. तुझं प्रतिपिंड त्यालाही चिकटतं. आणखी कशाकशाला चिकटत असेल, देव जाणे."

मग त्यांनी सावकाश सांगितले. रुग्णालयात चौतीस वर्षांची एक बाई तापाने आली होती. पट्टीवर रेघ उमटली. डॉक्टरांनी त्या जिवाणूवरचे औषध सुरू केले आणि दुसरे कारण शोधणे थांबवले. सहाव्या दिवशी ती गेली. शहरात पाठवलेल्या तिच्या रक्ताचा अहवाल नंतर आला. जिवाणू निराळाच होता. दिलेल्या औषधाला तो मुळीच दाद देत नव्हता. त्याच दिवशी गुरूंनी फोन करून सगळ्या पट्ट्यांचा वापर बंद करवला होता.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"आधी सांगितलं असतं, तर तू चूक रुग्णालयात शोधली असतीस. मीही तेच केलं असतं."

हर्षदाने आपली जुनी वही काढली आणि पहिल्या वर्षातले एक पान उघडले. जनुक काढलेला जिवाणू तिने तेव्हा एकदा तपासला होता. फिकट रेघ आली होती. खाली तिनेच लिहिले होते: 'कुपी दूषित असावी.' प्रयोग पुन्हा केला नव्हता.

"मला दिसलं होतं, सर," ती म्हणाली.

गुरूंनी पानाच्या तळाशी बोट ठेवले. तिथे त्यांची सही होती. "मीही वाचलं होतं. ओळखीच्या माणसाला ओळखणारा साक्षीदार सहज मिळतो, पोरी. अनोळखी माणूस समोर उभा केला, तर 'हा तो नव्हे' असं म्हणतो का, हे पाहायचं असतं. आपण त्याला ते विचारलंच नाही. उत्तर नको होतं आपल्याला."

त्या आठवड्यात गुरूंनी रुग्णालयाला पत्र लिहून दोष स्वतःकडे घेतला. हर्षदा म्हणाली, "पत्र पुरेसं नाही. मी त्यांच्या घरी जाते." गुरूही सोबत गेले.

गेलेल्या बाईंचे नाव द्रुपदा होते. नवरा कौलांच्या कारखान्यात भट्टीवर काम करी. त्याने दोघांना खाटेवर बसवले आणि स्वतः उभ्यानेच सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे दुसरं औषध दिलं असतं, तर वाचली असती?"

'सांगता येत नाही' हे शब्द हर्षदाच्या ओठांवर आले होते. "बहुतेक वाचल्या असत्या," ती म्हणाली.

तो भिंतीकडे वळला. "मी समजत होतो, नशिबात नव्हतं. तेवढ्यावर कसंतरी चाललं होतं माझं. आता तेही नेलंत तुम्ही."

दोघे हात जोडून बाहेर पडले. रस्त्याने बरेच अंतर चालून गेल्यावर हर्षदाने विचारले, "सर, आपण सांगायला नको होतं का?"

"सांगायलाच हवं होतं," गुरू म्हणाले. "पण खरं सांगितलं की मन हलकं होतं, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस."

सोमवारी हर्षदाने काम पुन्हा आरंभापासून हाती घेतले. नव्या प्रतिपिंडाची पहिली पट्टी तयार झाली, तेव्हा ज्यात विकर नाही ती कुपी तिने सर्वांत आधी पुढे ओढली, थेंब टाकला आणि वीस मिनिटे ती पट्टीसमोर बसून राहिली. या वेळी कोणती आशा धरायची, हे तिला कळले होते.