मठातलं विरजण

“पण नको का म्हणता, अप्पा?” चन्नवीरनं तिसऱ्यांदा विचारलं.

टेकडीवरच्या मठातले अप्पा शहाऐंशी वर्षांचे. हृदय थकलेलं. यंदाची दिवाळी ते बघतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं.

चन्नवीरनं पहिली अक्षरं त्यांच्यापाशीच गिरवली होती. आता तो शहरात माणसांसाठी नवी हृदयं घडवायचा. पोरगा हुशार, आणि ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक.

“हृदय नवं बसवू. मग डोळे, मग गुडघे. दोनशे वर्षं जगाल.”

“आणि मधेच कंटाळलो तर?”

“चेष्टा नको, अप्पा. तुम्ही गेल्यावर मी कुणाकडं यायचं?”

अप्पांचे डोळे भरले. या पोरावर त्यांची फार माया.

“आधी जेव,” ते म्हणाले.

ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दह्याचं गाडगं. चन्नवीर सकाळपासून उपाशी होता. नव्या हृदयाचे गुण सांगता सांगता त्यानं गाडगं बोटानं पुसून साफ केलं.

...मग त्याचा हात थांबला.

मठाचा नेम त्याला लहानपणापासून माहीत होता. रोज चमचाभर दही विरजणाला ठेवायचं. अप्पांच्या गुरूंच्या गुरूंपासून मठात त्याच विरजणावर दही लागत आलं होतं.

“अप्पा... मी सगळं संपवलं.”

अप्पांनी गाडग्यात डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हसू लागले.

“हसता काय? तीन पिढ्यांचं होतं ते.”

“खालच्या वाडीत गौराक्का आहे. तिच्याकडनं आण जा.”

“तिच्या घरचं दही मठाला कसं चालेल?”

“लग्न होऊन आली तेव्हा मीच दिलं होतं की तिला. पुढं तिच्या लेकींनी सासरी नेलं. चार गावांत लागत असंल आता.”

चन्नवीर वाटी घेऊन उठला. उंबऱ्याशी घुटमळला.

“आणि... हृदयाचं काय ठरवायचं, अप्पा?”

अप्पांनी फडताळातून दुसरी वाटी काढली, पदरानं पुसावी तशी उपरण्यानं पुसली आणि त्याच्या हातात ठेवली.

“ही कशाला?”

“ही तुझ्या घरी न्यायची. आणि बाळा... ही तरी चाटूनपुसून खाऊ नको.”