रिकामी जाती

दाणे नसलेले जाते फिरले की कसा आवाज येतो, तो मी आईच्या मांडीवर असताना ऐकला. दळणाच्या घरघरीत एक मऊपणा असतो. हा आवाज कोरडा होता, दगडावर दगड. मी रडलो, तेव्हा आईने जाते न थांबवता मला पदराखाली घेतले.

ती जाती म्हणजे ही, भोरकड्याच्या माळावर मांडलेली. हात लावू नका, नुसते बघा. वरचे दगड झिजून भाकरीसारखे पातळ झाले आहेत. घरात कोणी रिकामे जाते फिरवत नाही, अवदसा येते म्हणतात. इथे का फिरवतात, ते सांगतो.

फार जुन्या काळी समोरच्या या गडाला वेढा पडला होता, असे सांगतात. गडावरचे धान्य संपले. खाली शत्रू कान देऊन बसला होता. पहाटे वर जाती वाजत, तोवर त्याला वाटे की यांच्याकडे अजून दाणे आहेत. म्हणून बायकांनी रिकामी जाती फिरवायला घेतली. भुकेचा विसर पडावा म्हणून त्या ओव्या म्हणत. कोणता झरा कोणी शोधला, कोणते गाव कसे वसले, वेढ्यात कोण कोण गेले, सगळे ओवीत येई.

त्यांत गोजरा नावाची बाई होती. तिचे लहान लेकरू जात्यापाशी बसलेले असे. दगडाची भुकटी पांढरी पडते. लेकराला ते पीठ वाटले, ते चाटू लागले. गोजरेने एका हाताने त्याला बाजूला केले, ते परत आले. मग तिने खुंटा सोडला. शेजारणीने ते पाहिले, तिचाही हात थांबला. मग सगळ्याच थांबल्या. गड गप्प झाला, आणि उजाडायच्या आत पडला म्हणे.

त्यात गोजरा गेली, लेकरूही गेले. वाचलेल्या बायकांनी या माळावर शपथ घेतली की वर्षातून एकदा रिकामी जाती फिरवायची आणि या मुलखाचे सगळे सांगायचे. आईने लेकीला सांगायचे, लेकीने तिच्या लेकीला. सुनांना तो मान नाही. गोजरेची थोरली लेक जगली होती, पण तिला जात्याला हात लावू दिला नाही.

आजही माघातल्या अवसेला त्या लेकी सासरहून येतात आणि ओवीत म्हणतात, गोजरा थांबली, गड पडला. लेकराचे त्यात नाही. ते मला आईने सांगितले, तेही हळू आवाजात.

गोजरेच्या वंशातली शेवंताबाई दरवर्षी येऊन माळाच्या कडेच्या त्या बांधाबाहेर बसते. यंदा ती उठून आत आली. जाती फिरवणाऱ्या बायकांतल्या थोरल्या इठाबाईंना म्हणाली, "जात्याला हात लावत नाही मी. पण लेकरापायी थांबली, एवढं ओवीत घाला."

"आयांनी दिलं तेवढंच म्हणायचं," इठाबाई म्हणाल्या. "वाढवायचं न्हाई, गाळायचं न्हाई."

मागून कोणी तरी म्हणाले, "एवढ्या पिढ्यांनी गोजरेला सोडवायला आली व्हय गं?"

"गोजरेला लावा हवा तेवढा बोल," शेवंताबाई म्हणाली. "तुम्ही मेलेल्या समद्यांची नावं घेता. त्या लेकराचं कुणी घेत न्हाई. तेवढं घ्या."

जाती थांबली. इठाबाई म्हणाल्या, "बरं. घेते मी. सांग, काय नाव त्याचं?"

शेवंताबाईने तोंड उघडले. मी तिच्याकडेच बघत होतो. त्या घरात आयांनी लेकींना सांगताना 'लेकरू' एवढेच सांगत आणले होते. नाव वाटेत कधी तरी गळून गेले होते, आणि ते तिला तिथे, सगळ्यांसमोर कळले.

इठाबाई खुंट्यावर हात ठेवून थांबल्या होत्या. शेवंताबाईने पदर सावरला, बांध ओलांडला आणि उतरणीला लागली.