पांढरी गुंज

फार जुनी गोष्ट. खार रोजच्यासारखी ढोली झाडत होती, तेव्हा कावळ्याने बातमी आणली. ओढ्याकाठी गुंजेच्या शेंगा पिकल्यात, आणि लाल गुंजांमध्ये एखाद्या शेंगेत म्हणे पांढरी गुंज निघते.

साऱ्या रानाला वेड लागलं. खारीची दोन पिल्लंही शेंगा ओढून आणू लागली. त्यांच्या थोरल्या भावाला घारीने नेल्यापासून पिल्लं गप्प गप्प असायची. आता आईला चिकटून बसायची, शेंग फुटली की "लालच!" म्हणून हसायची आणि लगेच दुसरी पुढे करायची.

"अगं, गुंजांनी ढोली भरली," खारीचा नवरा म्हणाला. "या काय खायच्या आहेत? उन्हाळा तोंडावर आलाय. दाणे कधी भरायचे?"

"पांढरी निघाली की थांबू," ती थकल्या आवाजात म्हणाली.

एका संध्याकाळी पांढरी निघाली. पिल्लं पुढची शेंग निवडण्यात दंग होती. खारीने ती गुंज हळूच शेपटीखाली सारली.

"काय निघालं, आई?"

"लालच," ती म्हणाली. "आण बघू दुसरी."

नवऱ्याने सगळं पाहिलं होतं. तो त्यांच्याजवळ येऊन बसला.

त्या वर्षी दाणे भरायचे राहूनच गेले.