काळ्या अळ्यांचा परळ

पूर्वी वाराणसीत उग्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माळ्याच्या कुळात जन्मले आणि राजाचा भाजीमळा राखू लागले. पौर्णिमेला वालाच्या शेंगांची भरली टोपली राजवाड्यात गेली नाही, तर माळ्याने मळ्यातली झोपडी सोडायची, असा तिथला नियम होता.

त्या वर्षी पौर्णिमेला नऊ दिवस उरले आणि वालावर मावा ही रस शोषणारी बारीक कीड पडली. पाने चिकट झाली, शेंडे मुरडले. बोधिसत्त्वांची बायको पाटला रोज चिकट वेल मोजू लागली. मळ्यांवरचा अधिकारी कुंभक याची एकच रीत होती. मावा दिसला की वेलांवरच्या काळ्या काटेरी अळ्या वेचायच्या आणि परळ नावाच्या मातीच्या पसरट भांड्यात भरून रोज त्याला दाखवायच्या. मावा याच अळ्या आणतात, अशी त्याची खात्री होती.

बोधिसत्त्व मात्र दिवसभर वेलापाशी बसून पाहत राहिले. अळी पुढे सरकली की मागचे पान स्वच्छ दिसे.

"अगं, या तर मावा खाताहेत," ते म्हणाले. "यांना हात लावू नकोस."

"अहो, पण मावा वाढतोय ना! काल तीन वेल, आज सात. घर गेलं तर लेकरांना घेऊन जायचं कुठं?"

"भीती मलाही वाटते. तरी थांबू या."

पाटलाला काही थांबवेना. दुपारी बोधिसत्त्व पाण्याला गेले, तशी तिने पूर्वेकडच्या अर्ध्या वाफ्यातल्या अळ्या वेचल्या, कुंभकाला दाखवल्या आणि गरम राखेत ओतल्या. आठवड्याभरात तो अर्धा वाफा वाळून गेला. पश्चिमेकडे अळ्यांचे ढालीसारख्या पाठीचे तांबडे ढालकिडे झाले आणि वेल शेंगांनी लगडले.

पौर्णिमेला टोपली अर्धीच भरली.

"कुणी घालवला मळा?" कुंभकाने दरडावून विचारले.

बोधिसत्त्वांना सगळे ठाऊक होते. "मळा माझ्या हाती होता. दोष माझा. आम्ही निघतो."

"नाही हो!" पाटला रडत कुंभकापुढे आली. "अळ्या मी मारल्या. परळ पाहून तुम्हीच मला शाबासकी दिलीत ना?"

कुंभकाने वाफ्याचे दोन्ही भाग पाहिले. त्याचा चेहरा उतरला. "वीस वर्षं मीच मारायला लावल्या की!" तो म्हणाला. बोधिसत्त्वांनी त्याला एका शब्दानेही दुखावले नाही. कुंभकाने ती अर्धी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. "तुम्ही घर सोडू नका. राजापुढे मी उभा राहतो."

ही कथा सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, "विहाराच्या भोपळ्यांवर किडे पाहून घाबरलेली भिक्षुणी चंपिका तेव्हा पाटला होती. तिला किडे मारायला राख आणून देणारा भिक्षू कुंभक होता आणि माळी मी होतो. भीती वाटत असूनही हात आवरणे आणि चुकलेल्याला पदरात घेणे, हीच क्षांती."